‘नोट्स स्कॅन करा, लेक्चर रेकॉर्ड करा, झाला कोर्स’: असं होत नाही

जळगाव-धुळे-नंदुरबारच्या प्राध्यापकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: नोट्स स्कॅन करा, तास मोबाईलवर रेकॉर्ड करा, मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरवर टाका, चार दिवसांत ऑनलाइन कोर्स, तोही फुकट. मूडल फुकट आहे, एवढं खरं. बाकीचं एकेक बघू.

‘नोट्स स्कॅन करा.’ स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर त्यातलं काहीच वाचून दाखवत नाही. 300 डीपीआयवर रंगीत स्कॅन केलेली 100 पानं सहज 50 एमबीच्या पुढे जातात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर रेंज शोधणाऱ्या मुलाने ती उतरवायची कशी?

‘आमच्या नोट्स टाइप केलेल्याच आहेत.’ मग फाँट बघा. जुन्या श्रीलिपीतला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर नुसती भलतीच चिन्हं दाखवतो. कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनांना कळणाऱ्या अक्षर-संकेतात, आणावा लागतो आणि खरं काम तिथून पुढे आहे. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर फसतो आणि ‘स्थिती’ची ‘सि्थती’ होते. रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. आधी असे तुटलेले शब्द शोधून बदला, मग ओळ न् ओळ वाचा. हे काम विषय शिकवणाऱ्यानेच करायचं, कारण पारिभाषिक शब्दातली चूक टायपिस्टला दिसत नाही.

‘तास रेकॉर्ड करा.’ फळ्यावरचं खडूचं अक्षर पाच-सहा इंची पडद्यावर वाचता येत नाही. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये वर्गातला पंखा बंद करता येत नाही, आणि माइक त्याची घरघर आधी पकडतो. सकाळी लवकर, पंखा बंद करून, कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावून बोला. एका भागात एकच मुद्दा, सहा ते दहा मिनिटं.

पण सगळ्यात मोठी उणीव वेगळीच. वर्गात चेहरे बघून शिक्षक थांबतो, उलटा प्रश्न विचारतो. रेकॉर्डिंगमध्ये ते होत नाही, म्हणून ते लिहून ठेवावं लागतं. तापी खोऱ्याचा भाग संपला की विचारा: गिरणा तापीला कोणत्या तीरावर मिळते? ‘उजव्या’ म्हणणाऱ्याला नुसतं ‘चूक’ दाखवू नका. लिहा: पाणी वाहत जातं त्या दिशेला तोंड करा, तापी पश्चिमेला वाहते, म्हणून दक्षिण डाव्या हाताला, गिरणा दक्षिणेकडून येते. प्रत्येक चुकीच्या पर्यायाला असं उत्तर लिहायला व्हिडिओपेक्षा जास्त वेळ लागतो. मेसेजमधले चार दिवस इथेच संपतात.

‘स्वयम्‌वरही व्हिडिओच तर असतात.’ नाही. केंद्र सरकारच्या या ऑनलाइन-कोर्स पोर्टलच्या आराखड्यात व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन असे चार भाग आहेत.

आधी एकच घटक पूर्ण करा. तो स्वस्तातल्या फोनवर, वायफाय बंद ठेवून, दोन-तीन विद्यार्थ्यांकडून उघडून घ्या. ते जिथे अडतील तिथे दुरुस्ती करा, मगच दुसऱ्या घटकाला हात लावा.