ते बटण आजच काढून टाका

जुना पिकअप ट्रक घेतलात, उत्तम केलंत. त्यातून १९४८ ते १९५२ मधला फोर्ड एफ-१ असेल, तर दुधात साखरच. आता पहिलं काम करा. डॅशबोर्डवर इंजिन सुरू करायचं एक साधं गोल बटण दिसेल, ते उपटून टाका.

कारण काय विचारता? तुमचा मेहुणा गाडीत बसेल, किल्ली फिरवेल आणि वाट बघत राहील. इंजिन गप्प. मग तो तुमच्याकडे अशा नजरेनं बघेल, की तुम्ही भंगार गळ्यात मारून घेतलंय. त्याला कोण सांगत बसणार की इथे किल्लीनं नुसतं इग्निशन चालू होतं? पुढे चोक ओढायचा, क्लच दाबायचा आणि अंगठा बटणावर ठेवून जरा जोर द्यायचा. आत स्प्रिंगचा विरोध जाणवतो, बोनेटखाली सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला करंट जोडून देणारा विजेचा खटका, 'टक' करतो आणि इंजिन फिरवणारी ६ व्होल्टची मोटर, म्हणजे स्टार्टर, आपल्या त्या जड, सावकाश आवाजात घरघरायला लागतो. एवढं सगळं समजावण्यापेक्षा मेहुण्याच्या सोयीनं किल्लीनंच स्टार्टर फिरवणारा खटका बसवलेला बरा.

कुणी इतिहास सांगायला लागलं तर तयारीत राहा. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग या संशोधकाचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडल मारता मारता मनगट मोडून घेण्याची सोय बंद झाली. पण त्याचा खटका कुठे असावा यावर पुढे कितीतरी वर्षं एकमत नव्हतं. डॉजच्या ट्रकमध्ये तो पायाशी होता. स्टुडबेकरनं तर क्लचखालीच दडवला. क्लच तळापर्यंत दाबला की स्टार्टर फिरायला लागायचा. फोर्डनं बटण डॅशवर ठेवलं. किल्लीनंच स्टार्टर फिरवण्याची सोय क्रायस्लरच्या मोटारींत १९४९ साली आली. म्हणजे तुमचा १९५० चा ट्रक जन्मतःच मागासलेला! ही चूक दुरुस्त करायचा मान इतक्या वर्षांनी तुम्हाला मिळतोय, तो दवडू नका.

आता कुणीतरी आगाऊ म्हणेलच, 'अहो, हल्ली तर नव्या गाड्यांनाच बटण असतं!' गडबडून जाऊ नका. नव्या गाडीतलं बटण ही प्रगती आणि जुन्या गाडीतलं बटण ही अडगळ. फरक ओळखायची खूण सोपी आहे: भोवती निळं कडं पेटतं का ते बघायचं. खरे रसिक तर मूळ बटण काढून तिथेच निळ्या कड्याचं नवं बटण बसवतात आणि 'आता कशी क्लासिक वाटते!' म्हणतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी सुरू होईना की दोष बटणालाच द्यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची आपली परंपरा इथे मोडायला नको. बॅटरीच्या केबलींकडे ढुंकूनही बघू नका. ६ व्होल्टवर तेवढंच काम करायला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून मूळ केबली अंगठ्याएवढ्या जाड होत्या. पूर्वीच्या मालकानं दुकानात मिळाल्या त्या १२ व्होल्टच्या सडपातळ केबली लावल्या असतील, तर त्या दिसायला नाजूक असतात, राहू द्या. वाटेत अर्धा व्होल्ट गळाला तर १२ व्होल्टच्या गाडीला जेमतेम कळतं. इथे बारावा हिस्सा गेला. बॅटरीला गाडीच्या पत्र्याशी जोडणारी अर्थची पट्टी नव्या रंगावर कसली असेल, तर रंग खरवडू नका, नुकताच लावलाय. मल्टीमीटरची एक टोचणी बॅटरीच्या खुंटावर, दुसरी स्टार्टरच्या टर्मिनलवर धरून सेल्फ मारला, तर व्होल्टेज कुठे गळतंय ते तिथल्या तिथे कळतं. म्हणूनच मल्टीमीटर विकत घेऊ नका.

या फोर्डमध्ये अर्थ पॉझिटिव्ह असतो, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, ही तर कंपनीची उघड चूक. बॅटरी सरळ उलटी लावा. स्टार्टर तरीही त्याच दिशेनं फिरेल, त्यामुळे आपलंच बरोबर होतं असं वाटेल. करंट दाखवणारा अँमीटर उलटा दाखवायला लागला, की तोही बिघडलाय म्हणा.

बटणाचं काम मुळात फक्त सोलेनॉइडला जागं करण्याचं. स्टार्टरचा प्रचंड करंट त्याच्यातून जातच नाही. आतले तांब्याचे संपर्क काळे पडले असतील, तर बारीक पॉलिश पेपरचा एक हात पुरतो. पण एवढ्या स्वस्तात सुटलात तर छंद कसला? संपूर्ण गाडी १२ व्होल्टवर न्या. बॅटरी, जनरेटर, कॉइल, सगळे दिवे, हीटरची मोटर बदला आणि इंधनाचा काटा जळू नये म्हणून त्याला व्होल्टेज कमी करणारा तुकडा जोडा. तेच बटण १२ व्होल्टवरही मुकाट चालतं, हे कुणी सांगितलं तर ऐकू न आल्यासारखं करा. तसंही फोर्डनं स्वतः १९५६ मध्ये १२ व्होल्ट आणलेच की, तुम्ही फक्त थोडे उशिरा.

एक मुद्दा मात्र खरा आहे, तो मी थट्टेवारी नेत नाही. या गाड्यांत गिअरमध्ये असताना स्टार्टर अडवणारी सोय सहसा नसते. पोरानं गंमत म्हणून बटण दाबलं तर गाडी पुढे उडी मारू शकते. त्यावर बॅटरीजवळ एक तोडखटका बसवला की भागतं, डॅशला हात लावावा लागत नाही. म्हणून तो उपाय तुमच्या कामाचा नाही.

तुम्ही ड्रिल घ्या. नव्या किल्लीच्या खटक्याला मूळ भोक पुरलं नाही तर कानस चालवा. पत्र्याचं भोक एकदा मोठं झालं की कायमचं, त्यामुळे नंतर विचार बदलण्याचा त्रासही उरत नाही. वायरी मिळेल त्या रंगाच्या वापरा. पुढच्या मेकॅनिकच्या बुद्धीला चालना मिळते.

मग सवडीनं ट्रक विकायला काढा. जाहिरातीत 'शंभर टक्के मूळ स्थितीत' असं ठळक लिहा आणि काढलेलं बटण ॲशट्रेमध्ये टाकून द्या, वर 'सुटे भाग मोफत' जोडा. बटणाविषयी 'चालू आहे' असंही बेधडक लिहा. अख्ख्या जाहिरातीत तेवढंच खरं असेल.