पाट्याची खडखड

शिमग्याला गावाहून परतताना वरंध घाटात गाडीच्या मागून ‘खडक्’ असा आवाज आला. पुढच्या वळणाला ‘खडक्-खट्’. भोर येईपर्यंत त्याने ठेका धरला होता. काचा वर केल्या, गाणी मोठी केली, पण तो काही हटला नाही.

आमचं गाव महाडकडे, बिरवाडीच्या पुढे. पुण्याहून निघायचं, कापूरहोळला वळायचं, भोर सोडलं की नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेने हिरडोशी गाठायची आणि मग घाट. वाघजाईपाशी भजी घ्यायची, आपल्या आधी माकडांनी ती खायची आणि आपण कोकणात उतरायचं. या वाटेवर डांबर नाही असं नाही; आमटीतल्या शेंगेसारखं ते अधूनमधून लागतं. पावसाळ्यात डोंगर रस्त्यावर येतो, तो बाजूला सारेपर्यंत दिवाळी होते. पण दरडीचं एक वेळ समजू शकतो. समजत नाहीत ती माणसं. कुणाचं तरी चाक बसतं, तो चाकामागे धोंडा लावतो, चाक बदलतो आणि धोंडा भर रस्त्यात सोडून हात झटकत निघून जातो. असा धोंडा दिसला की माझ्या तोंडून जे बाहेर पडतं, ते सुरू होण्याआधीच बायको मुलीला कान झाकायला सांगते.

दर भाऊबीजेला बाबा आत्याकडे गावी जातात, म्हणजे आम्ही सगळेच जातो. तेव्हा ठरवलं, की दिवाळीच्या आत गाडीचे पाय धड करायचे. गाडी नऊ वर्षांची, टायर गुळगुळीत. खाचेत एक पूर्णांक सहा मिलिमीटर रबर उरलं की टायर संपला असं मानतात. माझे टायर ती पुण्यतिथी साजरी करून पुढे आले होते.

एका मित्राकडे फोर बाय फोर जीप आहे. तिने आजवर चढलेला सर्वात अवघड चढ म्हणजे एका मॉलच्या पार्किंगचा. तो म्हणाला, “ऑल टेरेन टाक, डोळे झाकून.” मी डोळे उघडे ठेवून चौकशी केली. या टायरांवर रबराचे जाड ठोकळे असतात. चिखलात आणि खडीवर ते घट्ट धरतात, पण डांबरावर भुंग्यासारखे घूं घूं करतात आणि ओल्या डांबरावर साध्या टायरइतक्या लवकर थांबतही नाहीत. खड्ड्यांसकट धरलं तरी आमच्या वाटेचा बराचसा भाग डांबराचाच. शिवाय एक आवाज घालवायला दुसरा विकत घ्यायचा, हे मला पटेना.

मग टायरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक नजर गाडीवर टाकली, एक माझ्यावर, आणि म्हणाला, “सर, सोळाच्या अलॉयवर जाऊ या. लूक येईल.” हा मोह मोठा असतो. माझ्या टायरवर १६५/८० आर १४ असं लिहिलं होतं. याचा अर्थ रुंदी १६५ मिलिमीटर, त्याच्या ८० टक्के उंचीची रबरी भिंत, आणि आत १४ इंची रिम. भिंत झाली १३२ मिलिमीटर. तो दाखवत होता १९५/५५ आर १६. त्याची भिंत १०७. बाहेरून दोन्ही चाकं जवळपास सारख्याच व्यासाची, पण खड्डा आणि रिम यांच्यामधलं एक बोट रबर गायब! पोळी तेवढीच, पुरण कमी. आणि वरंध घाटात जे काही होतं, ते त्या पुरणाच्या जोरावर होतं. बुटक्या भिंतीचा टायर धारदार कडेच्या खड्ड्यात आपटला की भिंत रिमवर चेपते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरला टेंगूळ येतं. त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही. टायर फेकावाच लागतो.

“मापाचेच द्या,” मी म्हणालो. त्याचा चेहरा पडला. मी भिंतीवरचे चार आकडे वाचले, तसा आणखी पडला. दुधाच्या पिशवीवर तारीख असते तशी टायरवरही असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्याने काढलेला टायर दोन दिवाळ्या पाहून आला होता. “सर, टायर काय शिळा होतो का?” होतो. रबर कडक पडतं. शेवटी आतल्या खोलीतून ताजे आले. त्यावर ‘एस’ हे अक्षर होतं, म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत हमी. आमच्या घाटात ताशी वीसने गेलो तरी आई रामरक्षा सुरू करते.

त्याने टायरात हवेऐवजी भरायला नायट्रोजनही सुचवला. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा उरलेल्या २२ टक्क्यांसाठी मी खिशात हात घातला नाही.

चार टायरांचे वीस हजार ऐकून आई म्हणाली, “वीस हजारांत पाथरवटाने गावभर वरवंटे दिले असते.” हे दुःख वेगळं होतं. शिमग्याला आत्याने तिला आजीचा पाटा दिला. घरी सामान उतरवलं तर पाटा आहे, वरवंटा नाही. “वन्संचा स्वभावच तो. द्यायचं, पण पुरतं नाही.” तेव्हापासून दोघींचं फोनवरचं बोलणं बंद होतं. पाटा ओट्याखाली उभा होता आणि आम्ही मिक्सरमधली चटणी मान खाली घालून खात होतो.

बाबांचा मात्र एकच प्रश्न. “स्टेपनीत हवा आहे ना?” मी त्यांना सांगितलं, की पूर्वी मोटारीसोबत जादा चाक मिळतच नसे. १९०४ साली वेल्समधल्या लानेथ्ली गावात एकाने पंक्चर झालेल्या चाकावर चढवायची जादा रिम बनवली. दुकान स्टेपनी रस्त्यावर होतं, म्हणून ती स्टेपनी. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “छान. हवा आहे ना?” मी “हो” म्हणालो. आमच्या डिकीत स्टेपनी व्हॉल्व्ह खाली करून पालथी बसवलेली असते, ती कोण उचलून बघतो?

टायर नवे झाले. आवाज तोच.

आता गॅरेज. मेकॅनिकने बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर शॉकअप ठीक. डुलत राहिली तर गेला. आमची पाळण्यासारखी डुलली. तिथे माझा एक जुना गैरसमज गेला. मला वाटायचं, धक्का शॉकअप खातो. धक्का खाते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम तिला उड्या मारू न देण्याचं. मागच्या दोन चाकांमध्ये एकच आडवा बीम असतो, म्हणून डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही कळ येते. एकत्र कुटुंबच ते, आवाज नेमका कुणाचा हे सांगता येत नाही. त्यामुळे सगळेच दोषी धरून शॉकअप, बुश, लिंक रॉड आणि लोअर आर्म बदलले. कुणीतरी सुचवलं म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफरही घातले. गाडी बोटभर उंच झाली, पण स्प्रिंगला दबायला जागाच उरली नाही आणि तिच्या वाटणीचा धक्का माझा मणका खाऊ लागला. चौथ्या दिवशी ते काढले.

आवाज तोच. मेकॅनिकने डिकीची चटई उचलली, स्टेपनीचा बोल्ट हलवून पाहिला. घट्ट. तेव्हा गॅरेजचे म्हातारे मालक चहाचा कप खाली ठेवून, कान तिरका करून म्हणाले, “पाट्याचा आवाज आहे हा.” पोरं हसली. पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग, ट्रकला असतात, जुन्या जीपला असतात. आमच्या गाडीला कॉइल स्प्रिंग. मीही नव्या ज्ञानाच्या जोरावर त्यांना हे नम्रपणे समजावलं. ते “बरं” म्हणाले आणि कप उचलला.

भाऊबीजेला निघालो. नवे टायर आणि नवे शॉकअप यांनी खड्डे खरंच झेलले, हे कबूल करायला हवं. फक्त मागून खडक्-खट् चालू. वाघजाईच्या खाली तिसऱ्या वळणावर समोरून ट्रक आला, मी कडेला घेतली आणि एका टोकदार दगडाने डाव्या मागच्या टायरची भिंत चिरली. तीच ती १३२ मिलिमीटरची.

डिकी रिकामी केली, बोल्ट सोडला, स्टेपनी उचलली. खाली, जुन्या लुगड्याच्या सुटलेल्या चिंधीत, वरवंटा.

घाटात काही क्षण कुणीच बोललं नाही. मग बाबा म्हणाले, “हवा?” हवा अठरा होती, बिरवाडीपर्यंत रांगत जाता येईल इतकी. आई वरवंट्याकडे आणि वरवंटा आईकडे बघत होता. उतारावर गाडी सरकू लागली. “चाकाला काहीतरी लाव!” बायको ओरडली. हाताशी जे होतं, ते लावलं. आजीच्या दगडाने नऊशे किलोची गाडी तसूभर हलू दिली नाही. पावसाची चिन्हं होती. घाईघाईने चाक चढवलं, हात पुसले, निघालो.

उरलेला प्रवास फार सुखाचा झाला. आई वाटेत माफीची वाक्यं जुळवत होती. अंगणात उतरताच तिने आत्याचे हात धरले. “वन्सं, उगाच मनात किंतू धरला हो मी.”

“अगं, गावात स्टेपनीचं पंक्चर काढलं ना तेव्हा, मीच तळाशी ठेवायला लावला, घरंगळू नये म्हणून. सांगायचंच राहिलं. आणा बघू, आजचं वाटण त्याच्यावरच करू.”

“जा रे, घेऊन ये,” आई म्हणाली.

मी डिकीला हात लावला तेव्हा लक्षात आलं, की घाटापासून इथवर गाडी एकदाही वाजली नव्हती.

वाघजाईच्या खाली, तिसऱ्या वळणावर, एव्हाना कुणीतरी आपल्या मुलीला कान झाकायला सांगत असणार.