मुलग्यांच्या अंगाविषयी आपण फार सहज बोलतो

मुलींच्या वजनाविषयी चारचौघांत बोलताना आता सुशिक्षित घरांतून थोडा तरी संकोच दिसतो, पण मुलग्यांच्या बाबतीत तो मुळीच नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या कुठल्याही मराठी घरी आरतीला माणसे जमली, की नववीतल्या मुलाला "काडीपैलवान" किंवा "ढोल्या" म्हणण्याचा हक्क काका, मामा, आत्या अशा सर्वांनाच असतो. मुलगा हसतो आणि म्हणून त्याला काही वाटले नाही, असे आपण धरून चालतो.

मुलग्यांची नाराजी ओळखणे अवघड असते, कारण ती एकाच दिशेची नसते. कोणाला पोट कमी हवे असते, कोणाला दंड भरलेले हवे असतात, आणि पुष्कळांना दोन्ही एकदम हवे असते. त्यामुळे वजन अगदी योग्य असलेला मुलगाही मनातून स्वतःच्या शरीरावर रुष्ट असू शकतो.

त्यातून वय असे, की तुलना करणेच अन्यायाचे. मुलग्यांमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण 9 ते 14 वर्षांच्या दरम्यान केव्हाही होते, त्यामुळे एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांच्या शरीरांत तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. उंची झपाट्याने वाढते ती सरासरी साडेतेरा-चौदाच्या सुमारास, आणि स्नायूंची ताकद त्यानंतर काही महिन्यांनी येते. म्हणजे मधल्या काळात मुलगा उंच आणि हाडकुळा दिसणे हा वाढीचा क्रमच आहे. या वयात निम्म्याच्या आसपास मुलग्यांची छाती थोडी फुगते, ती संप्रेरकांमुळे, आणि बहुतेकांची एक-दोन वर्षांत आपोआप ओसरते. हे घरात कोणी सांगत नाही, आणि मग मुलगा मल्लखांब सोडतो, पोहायला जाणे टाळतो. आपण त्याला आळशी म्हणतो.

आकड्यांनीही फारसे भागत नाही. उंची-वजनाच्या गुणोत्तरावरून, म्हणजे बीएमआयवरून, चरबी किती आणि स्नायू किती हे कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले होते: दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे मधुमेहाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेच. पण म्हणून जिममधल्या यंत्रावर उभे राहून मिळालेला 'फॅट पर्सेंट' चौदा वर्षांच्या मुलाने मनाला लावून घ्यावा, असे मुळीच नाही. ते यंत्र शरीरातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून अंदाज बांधते, आणि पाणी किती प्यायले, घाम किती गेला, यावर तो अंदाज हलतो. मुलांच्या बीएमआयलाही मोठ्या माणसांची मर्यादा लागू होत नाही, तो वय पाहून वाढीच्या तक्त्यावर वाचायचा असतो.

स्नायू कितीही वाढले तरी आपण किरकोळच आहोत, असे वाटत राहणे हा विकार आहे. मानसोपचारात त्याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात, आणि 2013 च्या अमेरिकी निदानसूचीत त्याची नोंद शरीरप्रतिमेच्या विकाराखाली केलेली आहे. त्यात मुलगा "फिटनेसकडे लक्ष देतो" म्हणून कौतुकच होत राहते, हा त्यातला सर्वांत वाईट भाग.

बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखी परंपरा आहे. जुन्या तालमींतही चेष्टा कमी नव्हती, तिचे उगाच गोडवे गायला नकोत; तरी तिथे मुलाने किती जोर काढले, मल्लखांबावर कोणती पकड साधली, हे विचारले जाई. आजच्या शिक्षकांनीही वर्गासमोर वजन मोठ्याने वाचण्याऐवजी हेच विचारावे, आणि नोंद घ्यायचीच असेल तर मुलाला बाजूला घेऊन घ्यावी.

घरच्यांनी पाहायचे ते एवढेच: मुलगा जेवणाचे प्रकार एकाएकी वर्ज्य करतो आहे का, मे महिन्याच्या उन्हातही जाड जॅकेट काढत नाही का, जिम चुकली की बेचैन होतो का. अशा वेळी प्रोटीन पावडरीचा डबा आणून देण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. चौदा पूर्ण होऊनही वयात येण्याची काहीच चिन्हे नसतील, तर तेही तिथेच विचारावे. ते तपासून घेण्याचे कारण असते, चेष्टेचे नव्हे.