कडांचा काळोख प्रिंटचा नाही

‘द इनोसंट्स’ (१९६१) या कृष्णधवल भयपटात फ्रेमच्या दोन्ही कडा काळवंडतात, तो जुन्या प्रिंटचा दोष, असं या चित्रपटावरच्या लेखात म्हटलंय. ते साफ चूक आहे. दिग्दर्शक जॅक क्लेटनला सिनेमास्कोपची रुंद चौकट नकोच होती, पण फॉक्स स्टुडिओचा आग्रह. मग छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसने हाताने रंगवलेले फिल्टर लेन्सपुढे लावून बाजू अंधारात बुडवल्या. नायिका डेबोरा कर मेणबत्ती घेऊन रात्री घरभर फिरते तो प्रसंग पाहा: मध्ये उजेड, आणि कडांना नक्की काय आहे ते कळतच नाही. भीती तिथेच तर आहे!

आणखी एक. सिनेमास्कोपच्या लेन्सना फोकसची खोली कमी, म्हणजे जवळचं आणि दूरचं एकदम स्पष्ट दिसत नाही. पुढचा चेहरा आणि मागची खिडकी दोन्ही स्पष्ट हवे असतील तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) बारीक करावं लागतं, म्हणजे सेटवर प्रकाश भरपूर ओतावा लागतो. जास्त उजेडासाठी मेणबत्त्यासुद्धा खास, एकीत चार-पाच वाती वळलेल्या. टीव्हीसाठी बाजू कापलेली ४:३ प्रत पाहिलीत तर यातलं निम्मं गायब, २.३५:१ ची (मूळ रुंद चौकटीची) प्रतच शोधा, आणि ब्राइटनेस वाढवू नका.