सगळं खापर एकट्या वॉल्टर्सवर नको

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संघाच्या २०२४ च्या अमेरिकन फुटबॉल हंगामावरचा लेख वाचला. बारा सामन्यांत एकच विजय, बिग टेन या विद्यापीठ संघांच्या लीगमध्ये नऊच्या नऊ पराभव. आकडे खरेच आहेत, पण लेखात सगळं खापर प्रशिक्षक रायन वॉल्टर्स यांच्या डोक्यावर फोडलंय, ते पटलं नाही.

२०२२ मध्ये हाच संघ बिग टेनच्या पश्चिम विभागात पहिला आला होता. त्यानंतर लगेच तेव्हाचे प्रशिक्षक जेफ ब्रॉम लुईव्हिल विद्यापीठाच्या संघाकडे गेले आणि घडी विस्कटली. त्यात २०२४ पासून ओरेगन, वॉशिंग्टनसारखे संघ आल्याने बिग टेन अठरा संघांची झाली.

इलिनॉयविरुद्धचा सामना तर लेखात नाहीच! त्यांच्या मैदानावर २४ गुणांनी मागे पडलेली ही पोरं शेवटच्या मिनिटात पुढे गेली होती. पण बरोबरी होऊन सामना जादा वेळेत गेला. तिथे पर्ड्यूने सहा गुणांचा टचडाउन करून इलिनॉय ५०, पर्ड्यू ४९ झालं, तेव्हा एका गुणाची किक घेऊन बरोबरी साधता आली असती. त्यांनी थेट जिंकण्यासाठी दोन गुणांचा डाव लावला आणि तो फसला. हरले, पण कच खाल्ली नाही. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

इंडियानाकडून ६६-० हरणं मात्र अक्षम्यच. दुसऱ्याच दिवशी वॉल्टर्सना काढलं. मग बॅरी ओडम आले, तरी २०२५ मध्येही बिग टेनमध्ये नऊ पराभवच! मग दोष एकट्या वॉल्टर्सचा कसा? आता ओडमना तरी पुरेसा वेळ द्या.