पुतळ्यावर हात बसवलेला डॉक्टर कच्चा नसतो

नव्या पीजी (पदव्युत्तर) बॅचचे रेसिडेंट डॉक्टर रुजू व्हायला लागले की धुळे-जळगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं सार असं: जुने डॉक्टर थेट पेशंटवर शिकले आणि नावारूपाला आले, पुतळ्याला घाम फुटत नाही की त्याचे नातेवाईक ओरडत नाहीत, सिम्युलेशन लॅब, म्हणजे पेशंटऐवजी पुतळ्यावर सराव करायची खोली, हे मोठ्या शहरांचे महागडे लाड, आणि त्यातून पोरांना येतो तो खोटा आत्मविश्वास. मी भूलतज्ज्ञ आहे, खान्देशातच रेसिडेंटना शिकवते. हा मजकूर आमच्याच क्षेत्रातली माणसं पुढे पाठवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

जुने डॉक्टर पेशंटवर शिकले, हे खरंच. पण तेव्हा चुकलेल्या सुया आणि श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेलेल्या ट्यूबा कोणाच्या वाट्याला आल्या? सरकारी वॉर्डातल्या माणसाच्या. धडगाव-अक्कलकुव्याहून रेफर होऊन, घाट उतरून आलेल्या बाईच्या. नावारूपाला आलेले डॉक्टर आपल्याला दिसतात. ते घडत असताना ज्यांना इजा झाली, त्यांची यादी कोणी ठेवली नाही.

आता घाम आणि नातेवाईक. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा सर्पदंशाचा सराव बघायला यावं. पेरणीच्या आधी आम्ही तो घेतो. मण्यार चावलेला माणूस पुष्कळदा दंशाची खूणही नसताना पहाटे पोट धरून येतो, पापण्या नंतर जड होतात. त्यामुळे नातेवाईक झालेली आमची सिस्टर सुरुवातच अहिराणीत करते: ‘पोटमा दुखी ऱ्हायनं!’ सरकारी कॉलेजांतल्या पीजीच्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यातून भरतात. केरळहून आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात हे वाक्य कसं कळावं? ते त्यानं आमच्यासमोर न कळून घ्यावं, कॅज्युअल्टीत नाही.

मग एएसव्हीची, म्हणजे सापाच्या विषावरच्या उताऱ्याची, सलाईन सुरू होते. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, काहींना त्याची जोरदार रिअ‍ॅक्शन येते. मॉनिटरवर प्रेशर कोसळतं आणि जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, ओरडतो, ‘अ‍ॅड्रेनालिन द्या!’ खोलीत सिस्टर, इंटर्न, दुसरा रेसिडेंट, सगळे हजर. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याला सांगितलं. कोणी हलत नाही. सलाईन तशीच चालू. त्या वेळी त्या पोराच्या कपाळावरचा घाम खरा असतो. नंतर सगळे गोल बसून बोलतात: कोणाला काय दिसलं, कोण कशासाठी थांबलं. दुसऱ्या फेरीत तो आधी सलाईन बंद करतो, सिस्टरचं नाव घेऊन सांगतो, ‘अ‍ॅड्रेनालिन अर्धा मिली, मांडीत, दिलं की मला सांगा.’ हा बदल पुस्तकानं होत नाही, आणि तो घडवायला खऱ्या पेशंटचं प्रेशर पाडणं हा मार्ग असूच शकत नाही.

महागडे लाड? लाखोंचे पुतळे असतात, ते नसले तरी अडत नाही. टाके घालण्याचा सराव केळीच्या सालीवर होतो, आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी कमी पडायची नाहीत. हाडातून सलाईन देण्याची सुई कोंबडीच्या तंगडीवर शिकवता येते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला कॅथेटरला कंडोम बांधून, तो सलाईननं फुगवून गर्भाशयात ठेवतात. त्याचा सराव तर वॉर्डातल्याच सामानावर होतो. खरा तुटवडा आहे तो शिकवणाऱ्याच्या वेळेचा. त्याबद्दल ग्रुपवर कोणी लिहीत नाही.

राहिला खोटा आत्मविश्वास. यात अर्धं तथ्य आहे. एका कार्यशाळेनंतर फॉर्मवर ‘आता भीती वाटत नाही’ अशी खूण केली, म्हणजे हात तयार झाला असं नव्हे. स्वतःच्या कुवतीचा स्वतःचा अंदाज डॉक्टरांचाही चुकतो. म्हणून पोराला काय वाटतं ते विचारून थांबायचं नाही, मोजायचं: छाती 5 ते 6 सेंटीमीटर दबली का, मिनिटाला 100 ते 120 वेळा दबली का, दर वेळी पूर्ण वर आली का.

आणि असं शिकवलेलं पेशंटपर्यंत पोचतं. ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात बाळाचा खांदा अडकलेल्या प्रसूतींचा सराव सगळ्या स्टाफला पुतळ्यावर दिला गेला. 2008 मध्ये निष्कर्ष छापून आले: अशा प्रसूतींत इजा होणाऱ्या बाळांचं प्रमाण 9.3 टक्क्यांवरून 2.3 टक्क्यांवर आलं होतं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या येलच्या अभ्यासात, सिम्युलेटरवर सराव न केलेल्या सर्जरीच्या रेसिडेंटांकडून पित्ताशय काढताना त्याला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट निघाली.

वॉर्ड हवाच, सराव त्याच्या जागी येत नाही, त्याच्या आधी येतो. माझी मागणी एवढीच आहे की जेआर वनला पहिली नाईट ड्युटी लावण्याआधी अँबू (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी), श्वासनलिकेतली ट्यूब, अ‍ॅड्रेनालिन आणि झटके आलेली गरोदर बाई, या चारही सरावांत तो पास झालेला असावा, आणि नापास झाला तर ड्युटी पुढे ढकलावी.