पुस्तकांआधी दाखले आणि तांदूळ

मणिपुरातल्या चुराचांदपूरच्या चर्चच्या शाळांवरचा लेख चांगला आहे, पण तो 'पुस्तकं पाठवा' इथेच थांबतो. मे २०२३ नंतरच्या हिंसाचारात तिथे घरं जळाली, त्यात मुलांचे शाळा सोडल्याचे दाखलेही गेले. दाखल्यावाचून पोर परत पाठवू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखल्यासाठी प्रवेश अडवू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर चर्चच्या शाळांसारख्या अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही, तरी रीत तीच ठेवा: वयानुसार वर्ग, दाखला मागाहून.

जेवणाचा हिशेब आधी मांडा. विनाअनुदानित शाळेला सरकारी पोषण आहार मिळत नाही. पण माप त्याचंच धरा: प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ. म्हणजे २०० मुलांना रोज २० किलो आणि ४ किलो. रस्ता कधीही बंद होतो, तेव्हा महिन्याचा साठा हवाच. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. नाहीतर पावसाळ्यात तळाचा तांदूळ बुरसतो.

परदेशी देणगी कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. आणि मान्यताप्राप्त शाळेत धर्मशिक्षणाला पालकांची संमती लागते. विस्थापितांच्या छावणीतल्या आईबापांना मजकूर त्यांच्या बोलीत वाचून दाखवा, मगच सही घ्या.